गाळलेली ओळ

काळाचौकी,
१२ मार्च १९८४

चि. रमाकांत,

आशीर्वाद लिहायला हात वळत नाही, म्हणून लिहीत नाही. रागाच्या भरात दिलेला आशीर्वाद लागत नाही म्हणतात.

तुझ्या भावोजींना गुरुवारी घरी आणलं. भिवानं आणि मंडळाच्या पोरांनी खुर्चीत बसवून तीन जिने वर चढवलं. डावा पाय आता गुडघ्याखाली चार बोटांवर संपतो. तू इस्पितळात एकदाच आलास, तेही पाच मिनिटं. खाटेपाशी उभा राहून वर पंख्याकडे बघत होतास, आणि बस चुकेल म्हणून निघून गेलास. रोज गिरगावाहून परळला कामाला येतोस, आणि परळहून आमची चाळ चालत पंधरा मिनिटांवर. सख्ख्या बहिणीच्या घरी यायला तुला मुहूर्त लागतो काय रे?

आता कामाचं लिहिते. पाय कापणारा डॉक्टर म्हणतो, साखरेनं पाय गेला. कोणाची साखर? हे म्हणतात, लघवीच्या बाटल्यांची अदलाबदल झाली. शेजारच्या खाटेवर एक मिठाईवाला होता, त्याची बाटली ह्यांच्या नावावर गेली आणि ह्यांचा चांगला पाय कापून टाकला. संपवाला गिरणी कामगार, त्याची दाद कोण घेतो?

पण माझ्याकडे पुरावा आहे. ऑगस्टमध्ये हे तुझ्या इस्पितळात बारा दिवस होते, त्याचं कार्ड तू स्वतः टाइप करून दिलंस. त्यात स्वच्छ लिहिलंय की खिळ्याची जखम, डावं पाऊल. साखरेचं नाव नाही. तुझ्या हातचा कागद खोटा कसा असेल?

खिळा कसा लागला ते तुला ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण अर्जातही तेच लिहायचंय. संपाच्या पहिल्या वर्षी गणपतीच्या आरतीला ह्यांनी सगळ्यांदेखत चपला काढून ठेवल्या आणि शपथ घेतली की संप मिटेपर्यंत पायात वहाण घालणार नाही. गेल्या वर्षी मंडपाच्या फळ्या ठोकताना तळव्यात खिळा घुसला. हे तसेच घरापर्यंत चालत आले. उंबऱ्यावर रक्ताचं पाऊल मी पाहिलं, तेव्हा त्यांना कळलं. सगळी चाळ म्हणाली, महादेव वाघ आहे वाघ, एवढा खिळा घुसला पण हूं नाही की चूं नाही.

तर अशा माणसाचा पाय कापला. भिवा म्हणतो, चाळीतली पन्नास माणसं घेऊन त्या डॉक्टरला जाब विचारू. त्याआधी ऑगस्टच्या केसपेपरची शिक्का मारलेली नक्कल हवी. रेकॉर्ड सेक्शनात तूच बसतोस. आठ दिवसांत काढून पाठव.

तुझी बहीण,
गुणवंती


गिरगाव,
१९ मार्च १९८४

ती. ताईस शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. यायला जमलं नाही ही माझी चूक आहे. मार्चअखेर असल्यामुळे सेक्शनात काम फार आहे.

केसपेपरच्या नकलेबद्दल. ती अशी काढून देता येत नाही. पेशंटचा स्वतःच्या सहीचा अर्ज लागतो, तो साहेबांकडून डॉक्टरांकडे जातो, मग मंजुरी येते. शिवाय जुना कागद बाहेर काढून काही साधेल असं मला वाटत नाही. डॉक्टरांवर तक्रार करण्यात अर्थ नाही, ताई. मोर्चा तर अजिबात नेऊ नकोस. जे झालं ते झालं, आता पुढचं बघावं.

तिथल्या डॉक्टरांनी ज्या गोळ्या दिल्या असतील त्या भावोजींना वेळेवर दे. साखरेच्या असल्या तरी दे, त्यानं नुकसान होणार नाही. भात कमी कर. चहात साखर घालू नकोस. आणि रोज सकाळी उजेडात त्यांचा उजवा पाय बघत जा. तळवा, बोटांच्या बेचक्या, टाच. कुठे लाल दिसलं, फोड दिसला, तर दुखत नाही म्हणून सोडू नकोस. दुखत नसेल तर जास्तच जप. उघड्या पायानं त्यांना मोरीपर्यंतही जाऊ देऊ नकोस.

लतिका नमस्कार सांगते.

तुझा,
रमाकांत


काळाचौकी,
२४ मार्च १९८४

रमाकांत,

वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी बहीण म्हणून एक कागद मागितला, तर तू मला साहेब, अर्ज आणि मंजुरी शिकवतोस. लहानपणी तुझ्या पाटीवर मी अक्षरं गिरवून दिली म्हणून आज टाइपरायटरवर बसलायस. तू इस्पितळाचा माणूस झालायस. डॉक्टर डॉक्टरला सांभाळून घेणार आणि क्लार्क दोघांना, मग मेला तो गिरणीवाला. आम्ही दोन वर्षं कण्या खाऊन काढल्या, तेव्हाही तुझी नोकरी शाबूत होती. ते मी कधी बोलून दाखवलं नाही, आज दाखवते.

आणि साखरेच्या गोळ्या द्या म्हणे! साखर नाही हे तुझंच कार्ड सांगतंय ना? तुझ्या भावोजींना तुझं पत्र वाचून दाखवलं. खालमानेनं ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "त्येका काय कळता? तू मोर्च्याचा बघ." गोळ्यांची पुडी त्यांनी खिडकीतून खाली टाकली. बरोबर केलं. ते कार्ड त्यांनी देव्हाऱ्यात ठेवलंय, येईल त्याला काढून दाखवतात.

उजव्या पायाचं तुला काय एवढं? आहे तो पाय जागेवर. अंगठ्याच्या कडेला जरा कातडं सोललंय, कुबडी घेऊन चालायला लागल्यावर तेवढं होणारच. त्याची चौकशी करायला तू डॉक्टर नाहीस.

दहा एप्रिलला आम्ही जातोय. नक्कल नाही दिलीस तर तुझं कार्ड घेऊन जाऊ, तेवढं पुरे आहे. आणि तू आता माझ्या दारात पाय ठेवू नकोस. मेले तरी ठेवू नकोस.

गुणवंती


गिरगाव,
२७ मार्च १९८४

ती. ताईस नमस्कार.

अंगठ्याच्या कडेला कातडं सोललंय हे वाचलं आणि आता गप्प बसता येत नाही. तुला शिव्या द्यायच्या असतील तर पत्र संपल्यावर दे. आधी पुरं वाच.

ते कार्ड खोटं आहे. मी खोटं केलं.

आमच्याकडे काम कसं चालतं ते सांगतो. पेशंट घरी गेला की त्याचा केसपेपर वॉर्डातून आमच्या सेक्शनात येतो. डॉक्टरांनी शेवटी जे निदान लिहिलं असेल ते वाचून जाड पुस्तकातून त्या आजाराचा नंबर काढायचा, पहिल्या पानावर लाल शाईनं घालायचा, रजिस्टरात चढवायचा आणि त्याबरहुकूम कार्ड टाइप करायचं. डॉक्टर पन्नास कार्डांच्या गठ्ठ्यावर मान वर न करता सह्या करतात. साखरेचा नंबर अडीचशे. त्यापुढे टिंब आणि शून्य आलं, तर साखर आहे पण तिनं अजून कुठे हात घातलेला नाही. टिंबापुढे पाच म्हणजे नसांपर्यंत पोचली. सहा म्हणजे पायाच्या रक्तापर्यंत. हे क्लार्कनं मनानं ठरवायचं नसतं. साखर एका ओळीत आणि जखम दुसऱ्या ओळीत असेल, तर त्यांची सांगड घालायचा आम्हाला हक्क नाही. डॉक्टरनं स्वतः 'साखरेमुळे' असं लिहायला लागतं.

भावोजींच्या डॉक्टरनं ते लिहिलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर ते पान आहे. जुनी साखर, उपचार नाहीत. दोन्ही पावलांना संवेदना कमी. डाव्या पावलाची नाडी लागत नाही. साखरेमुळे जखम भरत नाही. एवढं स्वच्छ लिहिणारा डॉक्टर आमच्याकडे क्वचित येतो. खिळा घुसला तरी ते हूं की चूं करीत नव्हते, कारण त्यांना कळलंच नव्हतं. त्याला सगळ्या चाळीनं वाघ म्हटलं.

ऑक्टोबरमध्ये गिरणीनं थोडेथोडे कामगार परत घ्यायला सुरुवात केली. इस्पितळात राहून आलेल्याला कार्ड दाखवायला लागायचं. भावोजी माझ्याकडे गिरगावात आले, उभ्या जन्मात पहिल्यांदा. आत आले नाहीत, दारातच उभे. पाय मळलेत म्हणाले. मग म्हणाले, "रमाकांता, साच्यावर आठ तास उभा रवाचा लागता. साखर नि पायाची नाडी असला वाचलानी तर माका गेटाच्या आत घेवचे नाय. येवडी एक ओळ गाळ." डॉक्टरनं हातानं लिहिलेली चिठ्ठी त्यांनी माझ्यासमोर फाडली. साखरेच्या गोळ्या मी स्वतः आणून खाईन, बायकोला कळू देऊ नको म्हणाले, आणि तुझ्या गळ्याची शपथ घातली. दोन वर्षं ताठ मानेनं काढलेला माणूस माझ्यापुढे हात जोडून उभा होता. मला ते बघवेना.

मी ओळ गाळली. नंबर टाकला आठशे ब्याण्णव. म्हणजे पावलाची उघडी जखम. बस्स.

वाटलं होतं, कामावर लागतील, पैसे येतील, औषध घेतील. पंख्याकडे का बघत होतो ते आता तुला कळलं असेल. त्यांच्याकडे बघायची माझी छाती नव्हती.

मोर्चा नेऊ नकोस. त्या डॉक्टरनं पाय कापून त्यांचा जीव वाचवलाय. आणि अंगठ्यासाठी आजच्या आज इस्पितळात ने. उद्या म्हणू नकोस.

रमाकांत


काळाचौकी,
१६ एप्रिल १९८४

रमाकांत,

तीन आठवडे मी पेन हातात धरलं नाही. धरलं असतं तर काय लिहिलं असतं ते मलाच माहीत.

तुझं पत्र आलं तेव्हा हे झोपले होते. मी ते पिठाच्या डब्यात ठेवलं आणि चार दिवस कोणाला काही बोलले नाही. पाडव्याला सगळ्यांच्या हातावर कडुनिंब आणि गूळ ठेवतात, तसा ठेवला. ह्यांच्या हातावर नुसता कडुनिंब ठेवला. हे हाताकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. कडू पाला चावला, गिळला आणि म्हणाले, "रम्यानं सांगितलान?" वीस वर्षांचा संसार, आणि मला सांगायची गोष्ट तुला सांगितली. वॉर्डात टोचत होते ती ताकदीची इंजेक्शनं आहेत म्हणून मला सांगितलं, आणि मी शेजारणीला कौतुकानं सांगत फिरले.

आता तू ऐक. तू ती ओळ गाळलीस ती ज्या गिरणीच्या बाबूंसाठी, त्यांनी ते कार्ड उघडूनही पाहिलं नाही. गेटावर बाबूनं नाव विचारलं, यादीत बघितलं आणि म्हणाला, तुमचं नाव संपाच्या पुढाऱ्यांत आहे, उद्या या. असे सात उद्या गेले. कार्ड शर्टाच्या खिशातच राहिलं. ज्याच्यापासून लपवलं त्यानं वाचलं नाही, आणि ज्यानं वाचलं त्याच्यापासून लपवायला नको होतं. जानेवारीत जखम पुन्हा फुटली, तेव्हा मी आमच्या नाक्यावरच्या डॉक्टरकडे ते घेऊन गेले. त्यानं वाचलं. साधी जखम आहे म्हणाला, सकाळ-संध्याकाळ मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवा.

पाणी मी तापवलं, रमाकांत. मी ओतलं. वाफ येत होती. चटका बसतो का विचारलं, तर म्हणाले, "काय नाय गो, घाल अजून." मी अजून घातलं. पाच दिवस दोन्ही वेळा. तिसऱ्या दिवशी कातडं पांढरं होऊन सुटायला लागलं, तेव्हा मला वाटलं जुनी कातडी गळतेय, खालून नवी येईल. मग काळं पडलं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. बाटल्यांची अदलाबदल झाली हे मी एवढं घट्ट धरून ठेवलं, कारण ते खरं असतं तर माझं पाणी त्यात नसतं.

त्या पाण्यात हात घालून बघायची अक्कल मला नव्हती, ते माझं मी भोगीन. पण 'संवेदना कमी' एवढे दोन शब्द कार्डावर असते, तर तो डॉक्टर गरम पाणी बोलला नसता. कुंपणानंच शेत खाल्लं. गिरणीवाल्यांचा मला राग येत नाही असं नाही, पण ते परके. तू माझा भाऊ.

मोर्चा नेला नाही. भिवाला खरं सांगितलं. तो जिन्यात बसून राहिला, वाघ तोच पहिला म्हणाला होता.

आता अंगठा. तो निळसर झालाय, पू येतोय. मी पायां पडले, ओरडले, पण हे इस्पितळात जात नाहीत. म्हणतात, एक दिला, दुसरा देत नाही. आणि वर म्हणतात, रम्याचं पत्र म्हणजे तोंडच्या गोष्टी, टाइप केलेला कागद देव्हाऱ्यात आहे, त्यावर डॉक्टरची सही आहे. खोटं आहे हे स्वतःला ठाऊक असताना ते त्याच कागदाला धरून बसलेत. भिवा, मी, शेजारची जाईबाई, कोणाचं ऐकत नाहीत.

कागदानं झालंय ते कागदानंच निस्तर. मला तुझ्या माफीचं पत्र नको. शिक्क्याचं, सहीचं, खरं कार्ड पाठव. तुझ्या नोकरीचं काय होईल ते मी विचारत नाही. ओळ गाळताना तू पायाचं विचारलं नव्हतंस.

गुणवंती


गिरगाव,
१९ एप्रिल १९८४

ती. ताईस नमस्कार.

सोबत कार्ड आहे. खाली आमचा शिक्का आणि नव्यानं घेतलेली डॉक्टरांची सही आहे. या वेळी डॉक्टरांनी मान वर करून, वाचून सही केली.

तुझं पत्र मिळालं त्याच सकाळी साहेबांकडे जाऊन लेखी दिलं. डॉक्टरांनी लिहिलेलं पान मूळचं तसंच होतं, त्याला मी हात लावला नव्हता. खोटं होतं ते पहिल्या पानावरच्या नंबरात, रजिस्टरात आणि कार्डात. साहेबांसमोर दुरुस्ती केली. आमच्या कामात चूक पुसत नाहीत, ताई. रबर चालत नाही, ब्लेडनं खरवडणं चालत नाही, वर पट्टी चिकटवणं चालत नाही. एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला खरं लिहायचं, सही करायची, तारीख टाकायची. नव्या पोरांना हे मीच शिकवतो. तशीच रेघ मी आठशे ब्याण्णववर मारली.

त्याच वेळी आणखी एक कबूल केलं, ते तुलाही सांगायला हवं. भावोजींचं काम झाल्यावर गिरणीतले आणखी तिघं माझ्याकडे आले, त्यांनी सांगितलं म्हणून. त्यांच्याही ओळी मी गाळल्या. मला तेव्हा बरं वाटत होतं, आपण संपाला काहीतरी मदत करतोय असं. तिघांचीही कार्डं दुरुस्त केली. दोघांच्या घरी जाऊन हातात दिली. तिसरा गावी गेलाय, त्याला रजिस्टर पोस्टानं पाठवलं. त्याच्या पायांचं काय झालं असेल माहीत नाही.

साहेबांनी चौकशी लावली आहे. निकाल लागेपर्यंत मला टाइपरायटरवरून उठवून धोबीखात्यात चादरींवर बसवलंय. लतिका माझ्याशी बोलत नाही. बरोबर आहे तिचं.

भावोजींना माझ्यातर्फे एवढं वाचून दाखव: तुम्ही मागितलं आणि मी दिलं, यात उपकार नव्हता, भित्रेपणा होता. तुम्हाला नाही म्हणायला मी घाबरलो. आता म्हणतो. ते कार्ड देव्हाऱ्यातून काढा.

कार्डाबरोबर भिवाच्या हाती चपलांचा जोड देतोय. ठाकुरद्वारच्या दुकानातून घेतला, आतून मऊ आहे, अंगठ्याला पट्टा लागत नाही. तुझ्या दाराशी मी येत नाही.

रमाकांत


काळाचौकी,
२१ मे १९८४

चि. रमाकांत,

कार्ड पोचलं त्या दिवशी मी ते ह्यांना वाचून दाखवलं नाही. ह्यांना इंग्रजी येत नाही, पण आकडे येतात. जुनं कार्ड देव्हाऱ्यातून काढलं आणि दोन्ही मांडीवर ठेवली. ह्यांनी दोन्हीवरचे आकडे लावून पाहिले. नव्या कार्डावर दुरुस्तीखाली तुझी मराठीत सही आहे, तिच्यावर बोट ठेवून म्हणाले, "ह्येका कामावरून काढतले." मी म्हटलं, काढू देत. तुम्ही सांगितलंत म्हणून त्यानं खोटं लिहिलं, आता तुमच्यासाठी खरं लिहिलंय, तर आता तरी त्याच्या लिहिण्याचं चीज करा. तेव्हा खुर्ची आणा म्हणाले.

पाय कापला त्याच इस्पितळात नेलं, त्याच डॉक्टरकडे. त्यानं कार्ड वाचलं आणि माझ्यावर ओरडला, हे आधी का नाही दाखवलंत? आधी हे नव्हतं म्हटलं. त्याला मी मोर्चा घेऊन जाब विचारायला येणार होते, हे त्याला सांगितलं नाही. अंगठा कापला. पाऊल राहिलं. महिनाभर राहून काल घरी आलो. सकाळी सुई मीच टोचते, तिथल्या नर्सनं शिकवलंय. पाय धुवायचं पाणी आधी कोपरानं बघते. थंडगार असलं तरी बघते.

चपलेवरून आज सकाळी भांडण झालं. हे म्हणतात, संप मिटेपर्यंत नाही अशी शपथ आहे. मी म्हटलं, मिटला कधी म्हणून सांगायला कोण येणार आहे? अडीच वर्षं होत आली, कोणी आलं काय? तरी नाही म्हणाले. तेव्हा माझा तोल गेला. सगळी चाळ ऐकेल अशी ओरडले. ज्या पायांनी शपथ घेतली त्यातला एक देवाला, गिरणीला आणि संपाला मिळून देऊन झाला. हा राहिला तो माझा आहे. मी मागून घेतलाय. ह्याच्यात चप्पल घालायची की नाही ते मी ठरवणार. खाली बसले, पाय मांडीवर घेतला आणि घातली. ह्यांनी पाय ओढून घेतला नाही. डोळ्यांना पंचा लावला, पण पाय ओढला नाही.

त्या तिघांचं वाचून मला तुझा राग नव्यानं आला. तिसऱ्याचं उत्तर आलं की मला कळव.

तू मला माफी मागू नकोस, कारण मी दिली नाही. पण एक काम कर. माझं २४ मार्चचं पत्र तुझ्याकडे असेल, तू कागद फेकत नाहीस. त्यात शेवटी दारात पाय ठेवू नकोस अशी ओळ आहे. तिच्यावर एक आडवी रेघ मार. पुसू नकोस, खालचं वाचता आलं पाहिजे, मी ते उगाच लिहिलं नव्हतं. बाजूला माझं नाव घाल आणि आजची तारीख टाक.

तू जोड पाठवलास. एक चप्पल कोणी विकत नाही, हे मलाही कळतं. तरी पुडकं उघडल्यावर दोन बघून मी तुला काय काय बोलले ते भिवाला विचार. येशील तेव्हा डावी घेऊन जा.

गुणवंती